पिकअपचा ईजीआर बदलण्याआधी: घरच्या घरी तपासणीचा क्रम

गाडी घाटात ओढत नाही, मागून काळं मारते, मीटरमध्ये पिवळा इंजिनचा दिवा लागलाय. गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि मिनिटभरात निकाल देतो, "ईजीआर गेलाय दादा, नवीन टाकावा लागेल." तुम्ही पैसे मोजता, व्हॉल्व्ह बदलतो, आणि आठवड्यात दिवा पुन्हा हजर. माझ्या ओळखीतल्या भाजीपाला वाहणाऱ्या बऱ्याच गाडीवाल्यांची हीच कथा आहे. कारण साधं आहे. स्कॅनरवर ईजीआरचा कोड आला म्हणजे ईजीआर व्हॉल्व्हच खराब झाला असं होत नाही. बऱ्याचदा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार चालतो.

हा लेख बीएस-४ डिझेल कॉमनरेल पिकअपसाठी आहे, म्हणजे २०१७ ते २०२० या काळात आपल्याकडे सर्रास विकल्या गेलेल्या गाड्या. बीएस-६ गाडीला तत्त्व तेच लागू पडतं, पण तिथे डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, जोडीला असतो, त्याचं शेवटाकडे बोलू.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग परत इंजिनात पाठवायची सोय. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे सिलिंडरमधलं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजन ऑक्साईड कमी तयार होतात. हलक्या रेसवर व्हॉल्व्ह उघडा असतो, पूर्ण रेस दिली की बंद होतो. आता मेख इथे आहे: बहुतेक डिझेल गाड्यांत किती धूर परत गेला हे थेट मोजणारं काहीच नसतं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एअर फिल्टरनंतरच्या एमएएफ या हवा मोजणाऱ्या सेन्सरकडून ताजी हवा किती आली ते बघतो. धूर आत शिरला की ताजी हवा तेवढी कमी येणार, या हिशेबावर तो अंदाज बांधतो. म्हणजे हवेच्या वाटेत कुठेही गडबड झाली, तरी दोष ईजीआरच्या नावावर चढतो.

१. लक्षणं आधी लिहून काढा

गाडीला हात लावण्याआधी वही घ्या. त्रास कधी होतो? थंड इंजिनला की गरम? रिकामी असताना की माल भरल्यावर? धूर काळा, पांढरा की निळसर?

व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर काळा धूर, आयडलिंगला थरथर, सकाळी स्टार्टिंगला वेळ आणि चढावर दम नाही, असं दिसतं. पूर्ण रेस दिल्यावरही धूर आत शिरत राहतो, मग जळायला हवाच पुरत नाही. बंद अडकला असेल तर गंमत अशी की चालवणाऱ्याला फारसं काही कळत नाही. दिवा लागतो, कधी इंजिनची टकटक किंचित वाढते, बस. म्हणून "गाडी ओढत नाही" ही तक्रार आणि "ईजीआरचा प्रवाह कमी" हा कोड एकत्र दिसले तर थबका. त्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. टर्बोचा (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचा) फाटका होज पाईप मात्र दोन्ही एकदम घडवून आणू शकतो.

ब्रेक पेडल कडक लागतंय का, तेही लिहा. ते कशाला, ते सहाव्या पायरीत सांगतो.

२. लागणारं सामान आणि कागद

- स्कॅनर किंवा ब्लूटूथ डोंगल. अगदी स्वस्त डोंगल काही पिकअपच्या ईसीयूशी बोलतच नाही, म्हणून घेण्याआधी आपल्याच मॉडेलवर चालवून बघा. नाहीतर ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अर्धा तास स्कॅनर मागून घ्या.
- मल्टिमीटर
- गेज असलेला हातपंप, व्हॅक्यूम ओढणारा
- सॉकेट सेट, टॉर्च, जुना टूथब्रश, हातमोजे, गॉगल
- कार्ब क्लीनरचा कॅन, आणि एमएएफसाठी वेगळा एमएएफ क्लीनर
- ईजीआरची नवीन पॅकिंग. जुनी पॅकिंग परत बसवायचा मोह होतो, टाळा.
- आरसी. पार्ट मागवताना चॅसिस नंबर लागतो.
- सर्व्हिस बुक. गाडी वॉरंटीत असेल तर इथेच थांबा आणि कंपनीच्या वर्कशॉपला न्या. तुम्ही खोललेल्या बोल्टाच्या खुणा क्लेमच्या वेळी आडव्या येतात.

इंजिन पूर्ण थंड असताना काम करा, चाकांना दगड किंवा ठोकळा लावा. कॉमनरेलच्या लोखंडी डिझेल पाईपांना पाना लावू नका. इंजिन चालू असताना तिथे हजार बारच्या वरही दाब चढतो आणि ईजीआरशी त्यांचा काही संबंध नाही.

३. कोड वाचा, पण लगेच पुसू नका

स्कॅनर जोडायचं ओबीडी सॉकेट ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली सापडेल. नेहमी भेटणारे कोड असे:

- पी०४०१: प्रवाह कमी
- पी०४०२: प्रवाह जास्त
- पी०४०३: कंट्रोल सर्किटमध्ये दोष
- पी०४०४: व्हॉल्व्ह सांगितलेल्या जागी पोचत नाही
- पी०४०५ आणि पी०४०६: पोझिशन सेन्सरचा सिग्नल फार कमी किंवा फार जास्त

०४०३, ०४०५, ०४०६ आले तर आधी कप्लर (वायरींचा प्लग) आणि वायरिंगकडे वळा. ०४०१ आणि ०४०२ हे ईसीयूने एमएएफवरून काढलेले निष्कर्ष आहेत, त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सोबत पी०१०१ म्हणजे एमएएफचा किंवा पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी असा कोड असेल, तर ईजीआर बाजूला ठेवून आधी त्यांचा छडा लावा.

कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: दोष आला तेव्हा आरपीएम किती, स्पीड किती, इंजिनचं तापमान किती. गॅरेजवाले ती न बघताच कोड उडवतात. तुम्ही गाडी दुसऱ्याकडे नेली तरी, "भाऊ, कोड उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढू दे," एवढं नक्की म्हणा.

४. हवेची वाट तपासा

इथे एक रुपया लागत नाही आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात असं माझं मत आहे.

एअर फिल्टर काढून बघा. शेताच्या कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरच्या खूप आधी भरतो. मग फिल्टर बॉक्सपासून टर्बोपर्यंत आणि टर्बोपासून इंटरकूलरमार्गे (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) मॅनिफोल्डपर्यंतचा (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) प्रत्येक होज पाईप हाताने दाबत, वळवत जा. वरून धडधाकट दिसणारा पाईप खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी कडेला चिरलेला असतो. बोट फिरवल्यावर तेलकट काळा पट्टा लागला तर समजा हवा तिथूनच निसटतेय.

गळती कुठे आहे यावर कोड ठरतो, हे मात्र कुणी समजावून सांगत नाही. एमएएफ आणि टर्बोच्या मधे चीर असेल तर न मोजलेली हवा आत शिरते. एमएएफला हवा कमी दिसते, ईसीयूला वाटतं धूर जास्त जातोय, आणि ०४०२ येऊ शकतो. टर्बोच्या पुढे चीर असेल तर मोजलेली हवा बाहेर पळते. एमएएफला आकडा जास्त दिसतो, ईसीयूला वाटतं धूर पुरेसा जात नाही, आणि ०४०१ उमटतो. दोन्ही वेळा व्हॉल्व्ह निर्दोष! जुबली क्लिप आवळल्यावर किंवा पाईप बदलल्यावर जो प्रश्न सुटतो, त्यासाठी लोक हजारोंचा व्हॉल्व्ह घालतात.

५. एमएएफचा आकडा बघा

ही या लेखातली सगळ्यात कामाची पायरी, म्हणून जरा सविस्तर.

इंजिन गरम करा, एसी आणि दिवे बंद. स्कॅनरवर लाईव्ह डेटात तीन गोष्टी एकत्र लावा: आरपीएम, एमएएफ आणि ईजीआरची कमांड, म्हणजे ईसीयू व्हॉल्व्ह किती उघडायला सांगतोय. काही स्कॅनर एमएएफ मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक दाखवतात, काही ग्रॅम प्रति सेकंद.

अपेक्षित आकडा स्वतः काढता येतो. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन धरा. एका सिलिंडरला ६२५ सीसी. समुद्रसपाटीला तीस अंशाला एक लिटर हवेचं वजन साधारण १.१६ ग्रॅम, म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर सव्वासातशे मिलिग्रॅम. प्रत्यक्षात ८० ते ८५ टक्केच भरतो, म्हणून ईजीआर पूर्ण बंद असताना ५८० ते ६२० दिसायला हवं. पुणे, नाशिकसारख्या साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर हवा विरळ, तिथे सहा-सात टक्के वजा करा. ग्रॅम प्रति सेकंद दिसत असेल तर ८०० आरपीएमला हाच आकडा १६ च्या आसपास येतो. तुमचं इंजिन लहान असेल तर त्याच प्रमाणात कमी.

आता ईजीआर चालू असताना हाच आकडा बराच खाली, कित्येक गाड्यांत निम्म्याजवळ येतो. मग वाचन असं करा:

कमांड वाढतेय पण एमएएफ जागचा हलत नाही: धूर जातच नाही. व्हॉल्व्ह बंद अडकलाय, वाट काजळीने बुजलीय, किंवा व्हॉल्व्हपर्यंत व्हॅक्यूम पोचत नाही.

कमांड शून्य आहे तरी एमएएफ तीनशेच्या घरात: व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, नाहीतर एमएएफच कमी सांगतोय. दोन्ही वेगळे करायला इंजिनला चांगली रेस द्या, शक्य असेल तर चढावर. टर्बो भरल्यावर आकडा आयडलच्या कितीतरी वर जायला हवा. तसा गेला तर एमएएफ ठीक, संशय व्हॉल्व्हवर. तिथेही आकडा खालीच राहिला, तर व्हॉल्व्ह आणि एमएएफ दोघंही संशयित. एमएएफ क्लीनर मारून, सेन्सर पूर्ण वाळवून पुन्हा बघा. कार्ब क्लीनर किंवा कॉम्प्रेसरची हवा त्याच्यावर कधीच मारू नका, आतली पातळ फिल्म तेवढ्याने जाते.

एक चकवा: गाडी बराच वेळ आयडलवर ठेवली की अनेक ईसीयू स्वतःहून ईजीआर बंद करतात, काजळी साचू नये म्हणून. एमएएफ अचानक वर उडी मारतो. तो बिघाड नाही. एकदा रेस द्या, पुन्हा मूळ स्थितीत येईल.

६. व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर

व्हॉल्व्हच्या डोक्यावर बारीक रबरी पाईप जोडलेली चपटी डबी दिसली की तो व्हॅक्यूमचा. ही यंत्रणा तीन भागांची: व्हॅक्यूम पंप, मधला सोलेनॉईड (व्हॅक्यूम सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) आणि व्हॉल्व्हचा डायफ्राम (डबीतला पडदा). डिझेलमध्ये ब्रेक बूस्टरही त्याच पंपावर चालतो. म्हणून ब्रेकचं विचारलं होतं. पेडल कडक झालंय आणि ईजीआरचा कोडही आहे, तर पंप किंवा मुख्य पाईप हा पहिला संशयित, आणि तिथे ईजीआरपेक्षा ब्रेकची काळजी आधी करा. माल भरून गाडी बाहेर काढू नका.

पंपाच्या पाईपला गेज लावा, इंजिन चालू असताना २४ इंचाच्या (पाऱ्याचे इंच, गेजवर हेच असतात) पुढे ओढायला हवं. मग व्हॉल्व्हचा बारीक पाईप काढून हातपंप जोडा आणि १५ इंचापर्यंत ओढा. काटा मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे. हळूहळू पडला तर डायफ्राम फाटलाय. आयडलवर ओढताच इंजिनचा आवाज जाडसर होतो आणि एमएएफ धाडकन खाली येतो. सोडला की परत वर. असं झालं तर व्हॉल्व्ह ठणठणीत आहे, दोष सोलेनॉईडमध्ये, त्याच्या वायरीत किंवा उंदराने कुरतडलेल्या पाईपात शोधा. उंदीर ही थट्टा नाही. कांदा-बटाटा वाहणाऱ्या गाडीला तो कायमचा सोबती असतो.

यूट्यूबवर अमेरिकेतल्या पेट्रोल पिकअपचे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यांत व्हॉल्व्ह हाताने उघडला की इंजिन बंद पडतं, आणि "बंद पडलं म्हणजे व्हॉल्व्ह चांगला" असं सांगतात. डिझेल बंद पडत नाही, जरासं खडबडतं. ते बघून चांगला व्हॉल्व्ह बाद करू नका. त्यातला डीपीएफई नावाचा, ईजीआरचा प्रवाह मोजणारा सेन्सरही आपल्या या गाड्यांत शोधत बसू नका.

७. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असेल तर

कप्लरमध्ये बहुधा पाच पिना असतात: दोन मोटरच्या, तीन पोझिशन सेन्सरच्या. कप्लर काढून इग्निशन चालू करा. सेन्सरच्या तीन वायरींपैकी एकीवर ५ व्होल्ट आणि एकीवर अर्थ मिळायला हवा. नाही मिळाला तर व्हॉल्व्ह नव्हे, हार्नेस (वायरींचा जुडगा) तपासा. इंजिनाच्या ब्रॅकेटवर घासून वायर सोललेली असते. पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कप्लर पुन्हा घट्ट बसवा, कधी कधी एवढ्यावरच भागतं.

मग स्कॅनरमधून व्हॉल्व्ह उघड-बंद करून बघा. "सांगितलं ४० टक्के, पोचला ४० टक्के" असं दिसलं तर मोटर चांगली. चाळीस सांगूनही पंचवीसवर अडला तर काजळीने अडवलंय, तो साफ होऊ शकतो. काही गाड्यांत चावी बंद केल्यावर दोन-चार सेकंद घुर्र घुर्र आवाज येतो. ईसीयू व्हॉल्व्ह पुढेमागे फिरवून तपासतोय. तो संपल्याशिवाय बॅटरी काढू नका.

८. खोला, आणि काजळी वाचा

इथपर्यंत येऊन संशय व्हॉल्व्हवरच राहिला असेल तरच खोला. बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंजनाशक स्प्रे मारून ठेवा.

व्हॉल्व्ह हातात आला की साफ करायची घाई करू नका, आधी बोट लावून बघा. काजळी कोरडी, चुरा होणारी असेल तर ती नेहमीची. फारच जाड असेल तर इंजेक्टरकडे लक्ष जाऊ द्या. ओली, तेलकट, डांबरासारखी चिकटणारी असेल तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) किंवा टर्बोमधून ऑईल येतंय. ते थांबवल्याशिवाय व्हॉल्व्ह कितीदाही धुवा, काही महिन्यांत पुन्हा तेच. आणि काजळी ओली पण तेलकट नाही, वर पाण्याचे ओघळ, गोडसर वास: मग थेट पुढची पायरी.

मॅनिफोल्डच्या तोंडात टॉर्च मारा. थर खरवडू नका, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवून त्याची जाडी अंदाजा. वाट अर्धी बुजली असेल तर नवा व्हॉल्व्ह टाकूनही ०४०१ जाणार नाही. मॅनिफोल्ड उतरवूनच साफ करावा लागेल. जागेवर खरवडलात तर सुटलेला खडा इंजिनात जातो.

९. ईजीआर कूलर

परत जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग तो ईजीआर कूलर. कूलंट कमी होतंय, खाली थेंब नाही, सकाळी पांढरा धूर. ऐकल्याबरोबर गॅरेजमध्ये "हेड गॅसकेट" म्हणतात. हेड उतरवायला होकार देण्याआधी कूलर तपासून घ्या, काम कितीतरी लहान आहे.

थंड इंजिनला रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावून रात्रभर ठेवा. सकाळी कूलरचा धुराच्या बाजूचा पाईप खोला. आत ओल असेल तर चोर सापडला. खात्रीसाठी कूलर काढून पाण्याची दोन्ही तोंडं बंद करा, एकातून एक ते दीड बार हवा द्या आणि कोमट पाण्याच्या बादलीत बुडवा. बुडबुडे आले की नवीनच घ्यायचा. वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण आतल्या बारीक नळ्यांना ते टिकत नाही. आणि तोवर गाडी चालवू नका: इंजिन बंद असताना पाणी सिलिंडरमध्ये साचलं तर सकाळच्या पहिल्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकतो.

१०. सफाई आणि बसवणं

कार्ब क्लीनर फक्त धुराच्या बाजूला, मोटर वर राहील असा व्हॉल्व्ह धरून. बुडवून ठेवायचा नाही. सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेवर) तारेचा ब्रश नको, चरे पडले की तो कायमचा गळतो. टूथब्रश आणि सबुरी पुरते. पूर्ण वाळल्यावर नवीन पॅकिंग लावून मॅन्युअलमधल्या टॉर्कने बसवा.

नवीन घ्यायचाच असेल तर जुन्यावर कोरलेला पार्ट नंबर आणि चॅसिस नंबर दोन्ही जुळवा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक व्हॅक्यूमचा आणि इलेक्ट्रिक असे वेगळे व्हॉल्व्ह आलेले आहेत. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने जुनी शिकलेली मूल्यं रिसेट करावी लागतात. ते न करता "नवा पार्टही डुप्लिकेट निघाला" म्हणत भांडणारे मी पाहिले आहेत.

११. ब्लँकिंग प्लेटचं काय?

हा सल्ला तुम्हाला मिळणारच: "पत्रा मारून बंद करून टाक, कटकट मिटेल." तपासणीपुरता पत्रा घालून एक फेरी मारणं समजू शकतो, धूर गेला आणि दम परत आला तर व्हॉल्व्ह गळतोय हे सिद्ध होतं. मग पत्रा काढायचा. कायमचा ठेवलात तर ०४०१ चा दिवा लागून राहतो, आणि उद्या खरा बिघाड झाला तरी तो त्याच दिव्याआड लपतो. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात, नायट्रोजन ऑक्साईड नाही, म्हणून पत्रा मारलेली गाडी पीयूसीत पास होते हे खरं. पण प्रदूषणाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र, असं २०१९ च्या दुरुस्तीपासून आहे. ड्रायव्हिंगवर पोट असलेल्याने ते तीन महिने मोजून बघावेत.

बीएस-६ गाडीत तर विचारही करू नका. ईजीआरचा दोष नोंदलेला असताना अनेक गाड्यांत डीपीएफचं रीजनरेशन (साचलेली काजळी जाळून टाकणं) थांबतं, आणि भरलेला डीपीएफ व्हॉल्व्हच्या कितीतरी पट महाग आहे.

१२. चाचणी

कोड आता उडवा. पाचव्या पायरीतले आकडे पुन्हा बघा आणि लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला स्वतःच्याच गाडीचे आकडे असतील. मग माल भरून एक चढ घ्या. मी वाशीहून परतताना कसारा घाट धरतो. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर आरशात काळा लोट दिसला नाही की व्हॉल्व्ह नीट बंद होतोय. रिकाम्या गाडीची गावातली फेरी इथे काही सांगत नाही.

दिवा दोन-चार दिवस थांबून मगच परत लागतो, कारण बरेच दोष ईसीयू लागोपाठच्या दोन-तीन फेऱ्यांत दिसल्याशिवाय पक्के धरत नाही. म्हणून गॅरेजचा हिशेब पूर्ण चुकता करण्याआधी थोडे दिवस गाडी चालवायची मुदत मागून घ्या. मार्केट यार्डात रांगेत उभं असताना तासन् तास इंजिन चालू ठेवत असाल तर तेही बंद करा, सगळ्यात जास्त काजळी तिथेच धरते.